आपोआप समजते म्हणे!

...आणि वरून सगळ्यांचं एकच, ‘आपोआप समजते वं!’ अहो, काय आपोआप समजते? तुम्हाला सांगते, मी बी.ए., तेही मानसशास्त्र घेऊन, म्हणजे दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं शिक्षण झालेलं, आणि नववा महिना लागला तर स्वतःच्या पोटात काय चाललंय ते ओळखता येईना! पहिलं बाळंतपण, म्हणून सक्करदऱ्याला माहेरी आलेली. आईला विचारलं, ‘कळ खरी की खोटी, ओळखायचं कसं गं?’ आई तांदूळ निवडता निवडता म्हणे, ‘आपोआप समजते.’ शेजारच्या प्रयागमावशींना विचारलं... घरभर लेकरं झालेली बाई, काहीतरी सांगेल की नाही? ‘माय वं! हे काय विचाराची गोष्ट आहे? आपोआप समजते!’

मग मला समजलं एकदा. आपोआप! पोट आवळलं, मी ओरडले, सायकलरिक्षा आली, प्रताप नगरहून आमचे हे धावत आले, शर्टाची बटणं खालीवर... आणि नर्सबाईंनी पोटावर हात ठेवून विचारलं, ‘सकाळी काय खाल्लं?’ तर्री-पोहे. ‘मग हे पोहेच आहेत. जा घरी.’ दुसऱ्या खेपेला तर दवाखान्याच्या फाटकातच कळ गायब! नर्सबाई म्हणे, ‘पुन्हा आली? काहून, आमच्या इथला चहा आवडला काय तुले?’ आमचे हे हसले. हसले हो! तेव्हाच ठरवलं, आता काही झालं तरी तोंड उघडायचं नाही.

आणि नेमक्या त्यानंतर निघाल्या कुरडया! वैशाखातली सकाळ, ऊन चढायच्या आत गच्चीवर खाट, खाटेवर जुनं लुगडं, आई गंजात शिजवलेला चीक साच्यात भरून देते, मी स्टुलावर बसून साचा दाबते... मधेच कमरेतून अशी सणक निघाली की हात थांबला, आणि कुरडईच्या जागी पडला गोळा! आई म्हणे, ‘लक्ष कुठी आहे वं तुयं?’ मी साचा पुढे सरकवला. बऱ्याच चांगल्या पडल्या, पुन्हा सणक, पुन्हा गोळा. मदतीला आलेल्या मावशी म्हणे, ‘बी.ए.ले कुरोड्या नव्हत्या वाटते!’ मी हसले. रडू येत होतं, पण हसले. सांगू कशी? पुन्हा पोहे निघाले तर? त्या नर्सबाईंना कुठल्या तोंडानं भेटू? पण गप्प बसले आणि बाळाला काही झालं म्हणजे?...

खाट भरली. मी पाठ सरळ करायला उठले आणि वरून पाहिलं. तुम्हाला सांगते, पहिल्या ओळीत कुठेतरी एखादा गोळा. पुढच्या ओळीत जरा जवळ-जवळ. शेवटच्या ओळीत तर कुरडई, गोळा, कुरडई, गोळा! पोहे असे शिस्तीत दुखतात का हो?

‘आई, चल.’

‘कुठी? अजून अर्धा गंज चीक पडून आहे!’

‘अगं, हे पाह्य ना!’ मी खाट दाखवली.

आईनं नीट वाकून पाहिलं. म्हणे, ‘पाहूनच राहिली मी. साऱ्या नासवल्या.’

‘आई, कळा आहेत त्या!’

त्यानंतर जी धांदल उडाली! मावशी चिकाच्या हातांनीच रिक्षाला हाका मारत जिन्यावरून धावल्या, आईनं एका पायात माझी चप्पल घातली, एका पायात स्वतःची. आणि दवाखान्यात नर्सबाई काय म्हणाव्यात? ‘इतका उशीर काहून केला? शिकलेली आहेस ना?’ घ्या! लवकर गेलं तरी बोलणी, उशिरा गेलं तरी बोलणी. पण मुलगी झाली हो, सुखरूप.

परवा मावशींची सून गोपिका आली. तिलाही दिवस गेलेत. हळूच विचारते, ‘ताई, खरी कळ ओळखाची कशी?’ म्हटलं, चला, हिला तरी कोणीतरी नीट सांगावं! मी अगदी खाट, ओळी, गोळे, हातवारे करकरून समजावलं. ती ऐकत राहिली, मान हलवत राहिली, आणि मग तोंड पाडून म्हणते, ‘पण ताई, माझी तारीख तं दिवाळीतली आहे. दिवाळीत कुरोड्या कोण करते जी?’

...म्हटलं, ‘जाऊ दे वं. आपोआप समजते.’