शहादेव कॅचरचं मानपत्र

तेजश्री : "धरला! शहादेवनं चेंडू धरलाऽऽ!" चाळीस वर्षांपूर्वी उत्तरेश्वर मास्तर भोंग्यावर असंच ओरडायचे ना, आज्जी? मानपत्राची सुरुवात यानंच करते.

भिवराबाई : आस्संच. भोंगा दम खायचा, मास्तर न्हाई. लिव्ह, बेसबॉलात तुजा आबा म्हंजी चिमटा व्हता चिमटा! बंदुकीची गोळी आली तरी धरली आसती.

शहादेव : फाड ते मानपत्र. म्या ष्टेजावर चढत न्हाई.

तेजश्री : आबा, मंडप भरलाय! मैदानाला तुमचं नाव देतायत. आप्पाराव सरपंच दोनदा बोलावून गेले.

शहादेव : सरपंचाला सांग, पाटीवर हिचंबी नाव घाला. न्हाई तर पाटी उतरवा.

भिवराबाई : आगं बया! मला बॅट कोन्च्या बाजूनं धरत्यात ते ठावं न्हाई!

शहादेव : ऊसतोडीला कोयता मोजत्यात तव्हा एकला गडी धरत्यात का? नवरा-बायको मिळून एक कोयता. तसंच हे.

तेजश्री : फडात आज्जी मोळ्या बांधायची. मैदानावर काय करायची?

शहादेव : पिचरनं कसला चेंडू टाकायचा, ते कॅचर बोटानं सांगतो. आन् कॅचरला कोन सांगायचं? ही! समोरच्या बांधावर बसून. डावा गाल फुगला की वळता, उजवा फुगला की सरळ. अकरा फायनली जितल्या!

भिवराबाई : कसले इशारे, आवो? म्या मिश्री लावत बसायची!

तेजश्री : म्हणजे जिल्ह्याचा चषक मिश्रीनं आणला? हे मी सरपंचांसमोर वाचू?

भिवराबाई : वाच की. म्हनावं, दातबी शाबूत हायेत.

(बाहेर भोंग्यावर शहादेवच्या नावाचा पुकारा होतो.)

भिवराबाई : ऐकलं? उठा आता, गुडघ्याला हात द्या. एवढी वर्सं उगं भरमात खेळलात.

शहादेव : भरम कसला? मिश्री हाय, ते पैल्याच मॅचला कळलं व्हतं.

भिवराबाई : मंग माझ्याकडं कशापायी बघत बसायचात?

शहादेव : तव्हा चार मान्सांत आपल्या बायकोकडं बघायची सोय व्हती का? कॅचरच्या तोंडाला जाळी आसती, नजर कुनाला दिसत न्हाई. मास्तर मला पिचर करनार व्हते… म्या जाळी मागून घेतली.