बाटलीत आंबलेली दारू

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, कारखान्याचे व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती डॉक्टर आप्पासाहेब गागरे आणि वहिनी, समोर बसलेल्या माझ्या कामगार बंधू-भगिनींनो, तुमच्यातल्याच या कल्याणचा आपल्याला नमस्कार.

नागापुरातली आपली प्रयोगशाळा सोडून डॉक्टर आज निवृत्त होतायत. त्यांच्याविषयी बोलायचं तर लघवीविषयी बोलावं लागणार. घरून मला ताकीद आहे, लोकांना नंतर जेवायचंय, जपून बोला. जपूनच बोलतो.

क्रेन चालवणाऱ्यांची आपल्याकडे अधूनमधून दारूची तपासणी होते. व्हायलाच हवी, डोक्यावरून लोखंड जातं. गेल्या उन्हाळ्यात तीत आमचे खाजाभाई सापडले. ते बघा, दुसऱ्या रांगेत बसलेत. ज्या माणसानं आयुष्यात थेंब घेतला नाही, त्याच्या लघवीत शहरातल्या एका लॅबला दारू सापडली. नोकरी जाणार हे दिसत होतं. त्यात मुलीचं, मेहरीनचं लग्न ठरलेलं. त्यांच्या पत्नी जरीनाभाभी मला म्हणाल्या, "कल्याणभाऊ, नोकरी गेली तर जाऊ द्या. पन हा डाग घेऊन ह्यांनी मांडवात कसं उभं ऱ्हायचं?"

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी त्या लॅबकडून तपासणीतून उरलेल्या लघवीची बाटली मागवून घेतली आणि विचारलं, "लॅबची गाडी येईपर्यंत ही कुठं होती?"

वॉचमन भीमा म्हणाला, "माझ्या केबिनीत हुती की. तिथंच ठेवतो आमी."

पत्र्याची केबिन, आणि मे महिना. डॉक्टरांनी बाटली तपासायला घेतली. त्या लघवीत साखर निघाली, भरपूर. उन्हात इडलीचं पीठ आंबावं तशी ती साखर आंबली आणि दारू बाटलीतच तयार झाली. पटतं का तुम्हाला? मला पटलं नव्हतं. म्हणून त्यांनी खाजाभाईंची ताजी लघवी दोन बाटल्यांत घेतली, एक फ्रिजमध्ये ठेवली, एक खिडकीत. दुसऱ्या दिवशी खिडकीतली बाटली पिऊन बसली होती, फ्रिजमधली शुद्धीवर!

पण खरं नवल पुढंच आहे. माणूस दारू प्यायला की त्याचं यकृत तिची एक खूण लघवीत धाडतं. दारू उतरली तरी ती खूण दोन-तीन दिवस राहते. लॅबकडून आलेल्या पहिल्या बाटलीत दारू होती, खूण नव्हती; म्हणजे ती दारू खाजाभाईंच्या पोटात गेलीच नव्हती. मी थक्क झालो. काल काय जेवलो ते मला आठवत नाही, आणि आत माझं यकृत साक्ष ठेवून बसलंय! त्या दिवसापासून मी स्वतःच्या शरीराशी जरा अदबीनं वागतो.

डॉक्टर रिपोर्ट पाठवून मोकळे झाले नाहीत. शिफ्ट सुटताना स्वतः गेटवर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हा माणूस प्यायलेला नव्हता. याला मधुमेह आहे, आणि ते त्यालाही माहीत नव्हतं." खाजाभाई तिथंच खाली बसून रडले. त्यांची नोकरी राहिली, औषध वेळेत सुरू झालं. मेहरीनच्या लग्नात ते ताठ मानेनं उभे होते, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

डॉक्टर, आम्हा सर्वांचे आभार स्वीकारा. श्रोतेहो, बोलताना काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या. आणि तरीही मी दोषी वाटलोच, तर डॉक्टरांसारखं करा. निकाल देण्याआधी एकदा पुन्हा तपासा.