सासूबाई, वज्री आणि रिकामं शहर

…नाही, पण मला एक सांगा, सुट्टीच्या दिवशी माणसानं सासूबाईंना न्यावं कुठं? नाटकाला न्यावं, बागेत न्यावं, गेलाबाजार कापडाच्या दुकानात! आमच्या सासूबाईंना बघायचं होतं पडकं शहर! बुद्धाच्या भिक्षूंचं, शेकडो वर्षं मातीखाली होतं ते! पेपरात फोटो आला होता म्हणे. बरं, बायको येईल सोबत, तर तेही नाही! दारातच मला कोपऱ्यात घेतलं, ‘आज आईला सांगून टाक आपली बदली झालीय ते. मी सांगायला गेले तर रडत सुटेन.’ आता सासूबाई राहतात आमच्याच खालच्या मजल्यावर, एकट्या. संध्याकाळचा चहा रोज आमच्याकडे. आणि त्यांना हे सांगायचं कुणी? तर जावयानं!

पोचलो. तुम्हाला सांगतो, जिकडे बघावं तिकडे विटा! विटांचे चौथरे, विटांच्या भिंती, त्याही गुडघ्याएवढ्या, आणि मधोमध पालथ्या वाडग्यासारखा भला थोरला स्तूप. मी घसा खाकरला, ‘आई, एक बोलायचं होतं…’ तर ह्या पुढे! ‘जावईबापू, ते राहू द्या, मला सांगा, माणसं गेली कुठं?’

मला काय माहीत? मी घालवली का?

गाईडला गाठलं. तो आपला नाकातून, ‘समोर पाहा विहाराऽऽचा चौक, भोवती भिक्षूंच्या खोल्याऽऽ…’ ह्या म्हणाल्या, ‘ते दिसतंय हो, पण माणसं गेली कुठं?’ तो गडबडला, थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून, ‘समोर पाहा विहाराऽऽचा…’ बिचाऱ्याला मधूनच सुरू करता येत नसावं!

तेवढ्यात सासूबाई गायब! बघतो तर एका खोलीत भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसलेल्या. ‘पाय मावतात हो!’ रखवालदारानं शिट्टी फुंकली, ‘आजी, बाहेर या!’ ‘आले रे बाबा, पण पावसाचं पाणी जायचं कुठून इथलं?’ आणि तो गृहस्थ, शिट्टी तोंडात तशीच, ह्यांना दगडी गटार दाखवायला निघाला! आणि मी…? खोटं कशाला बोलू, मी उंबऱ्यापाशी उकिडवा बसलो होतो. मधोमध झिजलेला हो, पाय पडून पडून! रोज कुणीतरी आत-बाहेर करत असणार, म्हटलं खरंच की, माणसं गेली कुठं?

मग संग्रहालय. काचेत खापरं, दिवे, भिक्षापात्र… आणि सासूबाई ओरडल्या, ‘अगंबाई, वज्री! म्हणजे वैराग्य घेतलं तरी टाचा घासायच्याच!’ तिथल्या अधिकारी बाई हसत जवळ आल्या. झालं! ‘बाई, तुम्ही तरी सांगा, माणसं गेली कुठं?’

त्या म्हणाल्या, ‘नक्की नाही सांगता येत, आजी. व्यापाराचा रस्ता बदलला असावा. दानधर्म आटला, एकेक खोली रिकामी झाली. जिथं पोट भरेल तिथं गेले असतील.’

‘जाताना रडले असतील का हो?’

‘त्याचा पुरावा नाही मिळत, आजी.’

आणि माझ्या तोंडून निघून गेलं! ‘आई, आमची बदली झालीय. पुढच्या महिन्यात.’

सासूबाई काचेतल्या वज्रीकडे बघत उभ्या राहिल्या. मग माझा दंड धरला. अहो, जिन्याच्या कठड्याला धरतील, पण जावयाला कधी धरलं नव्हतं! आणि परतीच्या बसमध्ये चकार शब्द नाही. मला ते काही सोसेना… शेवटी मीच म्हणालो, ‘आई, विचारा ना हो काहीतरी!’

खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाल्या, ‘तुमच्या त्या नव्या गावाजवळ… असलं काही खणून काढलंय का?’

गप्प बसावं की नाही माणसानं? मी फोन काढला, शोधलं आणि वर सांगितलं, ‘आहे आई! ह्याच्याहून मोठं!’

आता काय? आमचं एकही खोकं अजून भरून झालेलं नाही, आणि सासूबाई रोज बॅग घेऊन वर येतात, ‘जावईबापू, निघायचं कधी?’