देठाचं बूड कुणी बदललं

वहिनी, मयूर विहारमधले शेजारी, आमच्या वनस्पती-तपासणीच्या ऑफिसातले सगळे जण. शोकसभेला एवढी माणसं आलेली बघून भागवत सरांना संकोचच वाटला असता. मी बोलणार नव्हते. पण आत्ता आमचे साहेब बोलले, आणि ते ऐकून गप्प घरी जाणं मला जमणार नाही.

साहेब म्हणाले, भागवत गुणी माणूस, एकदा घसरला, आता ते विसरून जाऊ. साहेब, कुणी विसरायचं? तुम्ही?

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. सरांचं आयुष्य वृक्षनेच्यांत गेलं. कुंडीत फर्न असतो ना, त्याचाच माणसाहून उंच भाऊबंद. वरून सगळे सारखेच दिसतात. सर म्हणायचे, "पानाला भुलू नका, देठाच्या बुडाला हात लावा." आपल्याकडच्या एका जातीचा देठ काळा, जवळपास गुळगुळीत. दुसरीला काटे आणि चपटे खवले. बाहेरून मागवतात त्या एका जातीला खवले नाहीतच, नुसती मऊ सोनेरी लव. नवीन माणूस हमखास पानाचा शेंडा तेवढा कापून आणायचा. सर त्याला परत पाठवायचे. मला दोनदा पाठवलं होतं.

तर गुडगावात एक नवी काचेची बिल्डिंग झाली. लॉबीत चार वृक्षनेचे उभे केलेले. कंपनी म्हणाली, परदेशी नर्सरीतून मागवलेत. सर तपासायला गेले, मी बरोबर होते. त्यांनी बुडाशी हात घातला आणि बोटातून रक्त आलं. "परदेशी म्हणे. हे आपल्याच जंगलातून चोरून उपटून आणलेत." तसाच रिपोर्ट त्यांनी दिला. नमुन्याचं पान बुडासकट आणलं. मी ते कायमच्या नोंदीसाठी जाड कागदाच्या शीटवर दोऱ्याने टाचलं.

मग सर दौऱ्यावर असताना साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "अरे यार, एवढं गुडगाव उभं राहतंय, आणि आपण एका देठावर अडून बसायचं? जुन्या कपाटात लव असलेला देठ आहे, तो लाव त्या शीटवर."

मी लावला. हो, मीच. माझं प्रोबेशन चालू होतं. मान हलवू नका साहेब, दुपारचा चहा तुम्हीच मागवला होता माझ्यासाठी. रिपोर्ट नव्याने टाइप झाला. झाडं परदेशी ठरली. शीटच्या लेबलवर नाव सरांचं तसंच राहिलं.

पुढे बाहेरच्या एका अभ्यासकाने ते शीट काढलं. पान एका जातीचं, देठ दुसऱ्या जातीचा. आमच्या कामात याहून मोठी नाचक्की नाही. चौकशी झाली. साहेब म्हणाले, भागवतांचं लक्ष उडालंय. सरांना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. जंगल बंद झालं, ते कायमचं. तुम्ही सगळे तेव्हा होतात. जेवायच्या सुट्टीत त्यांच्या टेबलावर बसायचं कुणी सोडलं, ते आठवतंय मला.

वहिनी, हे तुम्हाला ठाऊक नसेल. चौकशीच्या दिवशी सरांनी ते शीट हातात घेतलं. बदललेल्या देठावरचे टाके माझे होते. माझा टाका ते बिल्कुल ओळखायचे, त्यांनीच शिकवला होता. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शीट खाली ठेवलं. "माझ्याकडून झालं असेल," एवढंच म्हणाले. मला वाचवलं त्यांनी. मी सहा वर्षं पगार घेतला, आणि त्यांना एकदाही खरं सांगितलं नाही. आता कुणाला सांगू?

म्हणून तुम्हाला सांगितलं. सर घसरले नव्हते. उद्या सकाळी हेच मी लिहून ऑफिसात देणार आहे, माझ्या सहीने.

आता दोन मिनिटं सरांसाठी उभे राहा. सगळे राहा. साहेब, तुम्ही बसा. तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे, तिथे मी बसते.