अहुईक म्हणजे हे

…आन् व्याख्या सांगा म्हणे! पुण्याहून गाडी घेऊन आला, बूट काढून ओट्यावर बसला, च्या पिला, वरून अर्धा कप पुन्हा मागितला, आन् मंग तोंड पुसून म्हणतो, व्याख्या सांगा. मी म्हणलं, कशाची? तं म्हणे ‘अहुईक’ची. आता तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच सांगा, हाकेची कधी व्याख्या असती का? हाक मारली, माणूस वळला, संपलं. कोंबडीला तुम्ही ‘आ आ’ करता, तव्हा ती इचारती का, ‘आ’चा आधी अर्थ सांगा, मंग दाणे टिपते?

तुम्हाला सांगतो, पहिल्यापासून सांगतो. मला लांबण लावायची सवय न्हाई. मी तातेराव. तीर्थपुरीच्या अलीकडं आपलं शेत. शाळा चौथी, तीबी मास्तरची बदली झाली म्हणून सुटली, नसता पुढं गेलो असतो… ते जाऊ द्या. केशरबाई लग्न होऊन आली तव्हा घर गच्च भरलेलं. वडील, चुलते, दोन भाऊ. नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई, हे तं तिच्या माहेराहूनच शिकून आल्ती. उखाण्याला बायांनी दारात अडवली, तं बराबर नावाच्या जागी ठसका आणला तिनं. बाया म्हणल्या, घेतलं घेतलं, सोडा. काय घेतलं? खोकली ती!

मंग आता हाक कशी मारावी? ‘अहो’ म्हणलं की घरातले सगळेच गडी वळायचे. एक दिवस मी कडब्याच्या गंजीवर, खाली ताट वाढलेलं, ही दारात आली, ‘अहो’ म्हणायला तोंड उघडलं आन् समोर सासरा बसलेला. शब्द अर्धा भाईर, अर्धा आत. आतला गिळायला गेली, भाईरचा वापस येईना, त्या ओढाताणीत जे निघालं ते ‘अहुईऽऽक’. शेवटाला वर चढलेलं, उचकीवाणी. सासऱ्यानं मान उचलली न्हाई. भावांनी उचलली न्हाई. मी तेवढा वळलो.

बस. तव्हापासून तेच. लांबवून म्हणलं की जेवायला या. तुटक म्हणलं की बैल सुटला. खाली पाडून म्हणलं की पाहुणे आलेत, अंगात सदरा घाला. आन् ओठातल्या ओठात म्हणलं की गुपचूप बसा, तिथं तोंड घालू नका. हे कुठं लिहून ठेवलं व्हतं का? तिला कळत व्हतं, मला कळत व्हतं. तिसऱ्याचं कामच काय? आन् व्याख्या सांगा म्हणे!

तं झालं असं की आम्ही तीर्थपुरीच्या बाजारात गेल्तो. मी बियाणाच्या दुकानापाशी उभा, ही बांगड्यावाल्याकडं. मधी गर्दी ही अशी, मुंगीला वाट न्हाई. हिला जल्दी झाल्ती, जीप सुटत व्हती. बांगड्यावाल्याच्या बाजेवर चढली आन् दिली ठेवून, अहुईऽऽक! कुण्या रिकामटेकड्यानं ते मोबाईलात धरलं. आता बाजारात बाई वरडली, ह्यात धरण्यासारखं काय? पण त्याच्यात दिसतं काय, की सगळा बाजार आपापल्या कामात, आन् लांब तिकडं एक मुंडकं वळतं. एकच. ते माझं.

ते लोकांना आवडलं म्हणे. कामून आवडलं, इचारू नका. मला आमच्या भाच्यानं दाखवलं. धम्मपाल त्याचं नाव, घनसावंगीत मोबाईलचं दुकान हाय. म्हणला, “मामा, तुम्ही व्हायरल झालात.” मी म्हणलं, मला काही झालेलं न्हाई, परवाच दवाखान्यात दाखवून आलोय.

मंग जे लागलं ते लागलं! तुम्हाला सांगतो, जीपवाला शीट भरताना, अहुईक घनसावंगी, अहुईक घनसावंगी. लग्नात डीजेवर अहुईक, त्याच्या मागं ढोल, नवरदेव घोड्यावरून पडता पडता राह्यला. कॉलेजातल्या पोरी एकमेकींना म्हणून राह्यल्या, आज लई अहुईक वाटून राह्यलंय बाई. म्हणजे काय वाटून राह्यलंय? एक म्हणती उदास. दुसरी म्हणती न्हाई गं, खुशीत असलं की अहुईक. हॉटेलात दोन गड्यांनी ह्याच्यावरून एकमेकाची गचांडी धरली, मी तिथंच भजे खात बसलेलो. एकाचं म्हणणं, हरवलेल्या माणसाला अहुईक म्हणतात. दुसऱ्याचं म्हणणं, सापडलेल्याला. मला कोणी इचारलं? न्हाई. मीबी सांगितलं न्हाई. भजे गार होऊन राह्यले व्हते.

आन् मोबाईलात चर्चा! चौकटी चौकटी, प्रत्येक चौकटीत एक शहाणा. एक मॅडम म्हणे हा बाईचा दाबलेला हुंकार हाय. मी म्हणलं, बाजेवर चढून वरडली, दाबला कोणी? एक गृहस्थ म्हणे मूळ शब्द कानडी. केशरबाईनं अंबडच्या पलीकडं पाय न्हाई ठेवला, कानडी कुठून आणती? तिसरा म्हणे, शब्द समाजाचा असतो, त्याच्यावर कोणाची मालकी नसती. बरं बाबा, असं असलं तं तू इतका घाम पुसत कामून भांडून राह्यला?

मी हसण्यावारी नेलं. मला काय? पण एक गोष्ट झाली. पुढच्या बाजारी हिनं मला हाक मारली, तं बाजारातली तरणी पोरं, म्हातारे, पानवाला, सगळे वळले आन् एका सुरात म्हणले, “ओऽऽ!” हसले. मोबाईल वर केले. हिनं पदर तोंडावर घेतला. जीपमधी बोलली न्हाई. घरी आल्यावरबी बोलली न्हाई.

तव्हापासून अहुईक बंद. जेवायचं झालं की तांब्या आपटायची. पाहुणे आले की दाराची कडी वाजवायची. एक दिवस पाट फुटला, पाणी सगळं शेजारच्या अप्पारावच्या कपाशीत, ही बांधावर उभी. मी लांबून पाहून राह्यलो. तोंड उघडलं हिनं… आन् मिटलं. पळत आली माझ्यापर्यंत, ह्या वयात, अनवाणी. म्हणली, पाणी फुटलंय. मी म्हणलं, हाक मारायची. तं खाली पाहून म्हणली, अप्पारावचा पोरगा मोबाईल घेऊन बसलाय धुऱ्यावर.

मला काय फरक पडत न्हाई. मी काही असल्या गोष्टीचं मनावर घेणारा माणूस न्हाई. पण कान हायत ना, त्यांना सवय असती. जेवायच्या टायमाला आपले उगाच उभे राहतात.

तं अशात ती पुण्याची पार्टी. फरसाणवाले. त्यांना ‘अहुईक चिवडा’ काढायचा व्हता, म्हणून शब्द सरकारदरबारी आपल्या नावावर करायला टाकला. ट्रेडमार्क! धम्मपालनं ते कुठून तरी हुडकलं आन् पोटात आग पडल्यावाणी पळत आला. म्हणला, मामा, सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव लागून राह्यलंय असं समजा. उद्या मामीनं बाजारात हाक मारली तं चिवडेवाल्याची नोटीस येईल. आता ही नोटीस येती का न्हाई मला मालूम न्हाई. धम्मपाल थोडा वाढवून सांगतो, मोबाईल दुरुस्तीचा खर्चबी तसाच सांगतो. पण मी म्हणलं, घाल हरकत. माझ्या बायकोची हाक, आन् मी काय चिवडा हाय का?

हरकत घातली, म्हणून त्यांचा हा वकील आला. गोरापान, बारीक आवाज, प्रत्येक वाक्याला, “आजोबा, तुम्ही शांत व्हा.” मी शांतच व्हतो! मी बोललोच नव्हतो! त्यानं कायदा समजून सांगितला. शब्द बिनअर्थाचा असला तं ज्यानं आधी मागितला त्याचा. आन् जित्या माणसाचं नाव असलं तं त्या माणसाला इचारल्याबिगर मिळत न्हाई. तुम्ही म्हणता हे नाव हाय, तं आजींना एवढंच बोलायला लावा, अहुईक म्हणजे कोण. तिवईवर मोबाईल लावला. ओटा माणसांनी भरला. अप्पाराव तं घरून खुर्ची घेऊन आल्ता.

वकील म्हणला, “आजी, अहुईक म्हणजे काय?”

केशरबाईनं हनवटी माझ्याकडं केली. “अहुईक म्हणजे हे.”

“हे म्हणजे?”

“हे म्हणजे हे.”

वकिलाला आनंद झाला. म्हणला, ‘हे’ काही नाव नव्हं. आमची सून ज्योत्स्ना शाळेत मास्तरीण हाय, तिनं हळूच सांगितलं, ‘हे’ सर्वनाम असतं. बघा! सारा जलम मी सर्वनाम व्हतो, मला कोणी कळू दिलं न्हाई.

धम्मपाल तिच्या पायाशी बसला. म्हणला, मामी, फक्त एकदा नाव घ्या. ह्यांचं नाव, आन् त्यांना मी अहुईक म्हणते, एवढं बोला, शब्द आपला. ज्योत्स्ना म्हणली, उखाणा घ्या आत्या, सोपं जातं. वकील म्हणला, उखाणा नको, त्यात संदिग्धता येते. आता संदिग्धता म्हणजे काय, त्याची व्याख्या त्यानं सांगितली न्हाई.

मी लिंबाच्या झाडाकडं पाहून राह्यलो व्हतो. मला मालूम व्हतं, घेणार न्हाई. बिलकुल घेणार न्हाई. सासू गेली, सासरे गेले, ऐकणारं कोणी राह्यलं न्हाई, तरी न्हाई घेतलं. रेशनच्या दुकानात माझं नाव इचारलं तं मागच्या बाईला सांगायला लावायची. ती आता चिवड्यासाठी घेती का?

तं ती म्हणली, “तातेराव.”

असं म्हणली, जसं जीपवाल्याला घनसावंगी सांगावं. न ठसका, न लाजणं.

आन् मी म्हणलो, “ओ.”

आता हसू नका. तुमच्या जागी तुम्हीबी म्हणला असता. तोंडातून निघून गेलं. कानशिलं गरम झाली. अप्पारावची खुर्ची हसून हसून मागं कलंडली, ते सोडून द्या. पण तो वकील! तो जागेवर उठून उभा राह्यला. म्हणला, बघा, ह्यांचं नाव तातेराव. त्या नावाला ह्यांनी ओ दिली. म्हणजे अहुईक हे ह्यांचं नाव न्हाई, सिद्ध झालं.

कळलं का तुम्हाला? शब्द वाचवायला तिनं नाव घेतलं, आन् नाव घेतलं म्हणून शब्द गेला! ह्याला कायदा म्हणतात. ह्यासाठी ही लोकं पंधरा पंधरा वर्षं शिकतात. आमचा मास्तर बदलून गेला ते बरं झालं.

केशरबाई उठली. वकिलाला म्हणली, “बाबा, तातेराव तं सगळं गाव म्हणतं. त्यात माझं काय? ते दुसरं तेवढं माझं एकटीचं व्हतं.” आन् त्याचा कप उचलून आत गेली.

वकील वायरी गुंडाळून राह्यला, मान खाली घालून. पुढं काय झालं? काही न्हाई झालं! आमची हरकत, त्यांचं उत्तर, तारखा, आन् तवर तो शब्दच शिळा झाला म्हणे. धम्मपाल म्हणला, मामा, आता अहुईक कोणी म्हणत न्हाई, आता दुसरंच चालू हाय. फरसाणवाल्यानं कंटाळून सोडून दिला. चिवडा दुसऱ्या नावानं निघाला. मी खाल्ला, तेल जास्त हाय.

मी खुशीत घरी आलो. म्हणलं, केशरबाई, शब्द वापस आला. मार हाक. तं म्हणली, “साऱ्या मुलखाच्या तोंडातून फिरून आलाय. उष्टा झाला. मी न्हाई तोंडात घेत.”

“मंग नाव घे.”

“एकदा घेतलं ना. सारखं सारखं काय?”

आता बोला! शब्द उष्टा, नाव वापरून झालं. आन् हे घडवून गेला कोण? तं व्याख्या सांगा म्हणे!

मंग गेल्या बाजारी मी बियाणाच्या दुकानापाशी उभा, ही भाजीवाल्याकडं. जीप सुटायला आल्ती. मधी तीच गर्दी. मला मालूम, ही वरडणार न्हाई. मी उभा, कान उभे, उगाच. आन् पाठीत धाडकन काही तरी बसलं. वळलो, तं पायाशी वांगं. आन् लांब तिकडं केशरबाई, पिशवीत दुसरं चाचपून राह्यली. मी हात वर केला, आलो म्हणून. तिनं ते वांगं वापस ठेवलं. आन् हसली. कितीक दिवसांनी हसली.

जीपमधी बसल्यावर मी पाठ चोळून राह्यलो. आता लांबून मारलं की जल्दी चला, जवळून मारलं की पिशवी धरा, एवढं माझ्या ध्यानात यायला लागलंय. धम्मपालला कुठून कळलं कोणास ठाऊक, काल दुकान सोडून आल्ता, म्हणला मामा, पुढच्या बाजारी मी मोबाईल घेऊन येतो. मी त्याला जे सांगितलं ते इथं सांगण्यासारखं न्हाई.

केशरबाईला मात्र मी काहीच म्हणलेलं न्हाई. वांगं मार, टमाटं मार, तुझी हाक हाय, तुझी मर्जी. फक्त एक अट घातली… कोबी मी घेत जाईन.