टॉवेलाखालचा सौदा

आमचे घोडेगावचे मामा आठवतात ना, बैलबाजारातले दलाल? हृदय थकलंय असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यांनी मरणाची थट्टाच मांडली होती. "यम आला तर म्हनंन, बैल म्हातारा हाय, आधी दात बघून घे." आम्ही हसायचो. मामी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हसत जा बाबा. ह्ये गप बसले की लई घाबरत्यात."

एका दुपारी आम्ही चहा घेत होतो. मामा रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "गिऱ्हाईक आलंय." खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी त्याच्याखाली हात घातला. बाजारात असंच बोटं दाबून गुपचूप भाव ठरवतात. "एवढ्यात न्हाई जमायचं पाव्हनं, वाढवा की!" आम्ही पोट धरून हसलो.

मग मामा थांबले. "याचा हात लई गार हाय रं."

आम्ही आणखीनच हसलो. ते मात्र हसले नाहीत. मामींनी उठून टॉवेल ओढला. खाली मामांचाच हात होता, पण कुणीतरी मुठीत धरावीत तशी बोटं एकमेकांवर आवळलेली.

"बघा, कुनी न्हाई," मामी म्हणाल्या.

"मंग त्याला म्हनावं," मामा हळूच बोलले, "माझी बोटं सोड."