न हलवलेला कप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष डॉक्टर नीरजसाहेब, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती नर्स सरोजिनीताई, त्यांचे यजमान हरीशराव, आणि थेट वाळवंटातल्या वफ्र्याहून आलेल्या बंधुभगिनींनो,

आधी एक दुरुस्ती. पत्रिकेत ताईंची सेवा वीस वर्षांची छापली आहे. ती एकोणीस वर्षं सात महिने आहे. मी नववी पास ड्रायव्हर. सरकारच्या घरपोच शुश्रूषेची गाडी चालवता चालवता वेळापत्रक मांडायला माझं मीच शिकलो. म्हणून माझी चूकही नेमकी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी सात नर्सपैकी तीनच उरल्या. कोणी कॅनडाला गेल्या, कोणी गावी, नव्या मिळेनात. घरं मात्र एकतीस. उशीर कुठे होतो, ते मी घड्याळ लावून पाहिलं. दर घरी कॉफीला चौदा मिनिटं! बिनकानाचा इवलासा कप हलवून परत दिला की 'पुरे', हा इथला अरबी रिवाज. मी बाहेर बाकावर पहिल्याच कपाला मोकळा. ताईंसाठी मात्र किटली तीनदा आत जायची.

गाडीत म्हटलं, "ताई, कप हलवायचा असतो."

"सुरेशभाऊ, तुम्ही गाडी हलवा. कपाचं मी बघते."

मी अर्ज ठोकला: कॉफी बंद करावी, नाहीतर सर्वांत लांबचं वफ्रा यादीतून काढावं. ऑफिसला दुसरं सोपं वाटलं. म्हणजे काय, तर एक्याऐंशी वर्षांचे अबू सालेम, पायाला मधुमेहाची जखम, आपली खजुराची बाग सोडून कायमचे वॉर्डात. ताई एवढंच म्हणाल्या, "काढण्याआधी साहेबांनी एकदा येऊन बघावं."

साहेब आले. त्या घरी काम करणारी हैदराबादची सुरैया पट्टी सोडत होती. साहेब जखमेवर वाकले, तशी ती म्हणाली, "डॉक्टरसाब, पहले हात धोके आओ."

साहेब हात धुऊन आले. अध्यक्ष हसताहेत, म्हणजे आठवतंय.

मंडळी, दुसऱ्या नि तिसऱ्या कपाच्या वेळात ताई दर घरातल्या एका माणसाला पट्टी बदलायला शिकवत होत्या. एकतीसपैकी सव्वीस घरं तयार झाली होती. बाहेर बाकावर बसून मला काय कळणार होतं?

त्या घरांत आता आठवड्याला तीनऐवजी एकच फेरी पुरते. तीन नर्स, एकतीस घरं, आणि यादीतून एकही नाव कमी झालं नाही. अबू सालेमची जखम गेल्या रमजानात भरली. तुमच्यासमोरचे खजूर त्यांच्याच बागेतले. वेळापत्रकात आता 'शिकवणी, चौदा मिनिटं' असा रकाना आहे. तो मी स्वतः टाईप केला. सोमवारपासून ताईंच्या जागी नवी नर्स येते आहे, आणि वफ्र्याची वाट तिला सुरैया दाखवणार आहे. सुरैया तिसऱ्या रांगेत बसली आहे. टाळ्या तिच्यासाठीही होऊ द्या.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, ताईंनी माझा अर्ज घातला तसं.

आणि ताई, आता कॉफी येईल. कप हलवू नका. नाशिकला जाण्यासाठी तुमचं विमान सुटायला अजून नऊ तास दहा मिनिटं आहेत. मी बघून ठेवलंय.